वर, वाक्य आणि सूत्रधार : कल्पित-कथाखेळातील इच्छामंत्राचा प्रश्न

१

वराची कल्पना भारतीय कथावाङ्मयाच्या अभ्यासकास नवी नाही. तप करणारा साधक, प्रसन्न होणारी देवता, मागितलेला वर आणि त्या वराच्या शब्दांतून निघणारा अनपेक्षित परिणाम ही चौकट पुराणांपासून लोककथांपर्यंत सर्वत्र आढळते. तिच्यातील एक पेच मात्र कथेच्या ओघात सहसा झाकला जातो. वर देणाऱ्याने शब्द दिलेला असतो. तो पाळावा तर सृष्टीची घडी विसकटते, मोडावा तर देवतेचे वचन खोटे ठरते. कथाकार हा पेच आपल्या सोयीने सोडवू शकतो, कारण वर मागणारा, वर देणारा आणि वराचा परिणाम ही तिन्ही सूत्रे त्याच्या एकट्याच्या हाती असतात.

हीच सूत्रे वेगवेगळ्या माणसांच्या हाती दिली तर काय होईल? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जन्मलेल्या एका खेळाने हा प्रश्न प्रत्यक्षात उभा केला, आणि पन्नास वर्षांच्या अवधीत त्या खेळाच्या नियमकारांना त्याचे उत्तर पुनःपुन्हा नव्याने लिहावे लागले. त्या उत्तरांचे स्वरूप आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावाहून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. खेळाचे मूळ लहान आकाराच्या सैनिक-प्रतिकृतींनी टेबलावर लढल्या जाणाऱ्या युद्धखेळांत होते. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे १९७१ सालचे नियमपुस्तक ही त्याची लगतची पूर्वपीठिका होय. नव्या खेळात मात्र एक मूलगामी बदल झाला. खेळणारा आता सैन्य चालवीत नव्हता. तो एकाच पात्राचे आयुष्य चालवू लागला.

खेळाची रीत थोडक्यात अशी सांगता येईल. चार-सहा मंडळी टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण जगाचे वर्णन करतो, शत्रूंची आणि इतर सर्व पात्रांची भूमिका वठवतो आणि नियमांचा निर्णयही देतो. आरंभीच्या पुस्तकांत त्याला रेफरी म्हटले होते. पुढे डन्जन मास्टर हे नाव रूढ झाले. भारतीय वाचकास त्याच्यासाठी सूत्रधार हा शब्द अधिक जवळचा वाटेल. उरलेल्यांपैकी प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी पुरोहित. कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. एकच कथा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे पुढे सरकत राहते. पात्रांना अनुभव मिळतो, त्यानुसार ती पायरीपायरीने वर चढतात आणि त्यांचे सामर्थ्य वाढते.

वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता हा मौखिक कथनाचाच एक प्रकार आहे. त्यातील संहिता बोलली जाईपर्यंत अस्तित्वात नसते, आणि तिचा कर्ता एक नसून टेबलाभोवतीचे सर्वजण असतात. या खेळाच्या चर्चेत समतोल हा शब्द वारंवार येतो, त्याचा अर्थही या सामूहिक कर्तृत्वातूनच निघतो. बुद्धिबळात समतोल म्हणजे दोन्ही बाजूंचे बळ सारखे असणे. येथे समतोल म्हणजे कथा घडविण्यात प्रत्येकाला वाटा मिळणे, आणि पात्रांपुढची संकटे संकटे म्हणून टिकणे. एकाच पात्राला कोणताही प्रश्न एका वाक्यात मिटवता येऊ लागला, की उरलेली मंडळी खेळणारी न राहता केवळ ऐकणारी होतात. इच्छामंत्राच्या बाबतीत नेमका हाच धोका संभवतो.

३

या खेळातील मंत्रविद्येची कल्पना बऱ्याच अंशी जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आली. तेथे मांत्रिक मंत्र पाठ करतो, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र त्याच्या स्मरणातून पुसला जातो. खेळाने ही कल्पना नियमांत बांधली. प्रत्येक मंत्राची पातळी, पल्ला, टिकण्याचा काळ आणि परिणाम ही सारी ठरवून दिली. अग्निगोलाचा मंत्र किती अंतरावर, किती जागेत, किती इजा करतो हे आधीच लिहिलेले असते. अशा मंत्राला बंदिस्त वाक्य म्हणता येईल. उच्चारणाऱ्याने ते केव्हा आणि कोठे उच्चारायचे एवढेच ठरवायचे असते; त्याचा अर्थ ठरलेला असतो.

‘विश’, म्हणजे इच्छा, या नावाचा मंत्र या व्यवस्थेत अपवाद म्हणून उभा आहे. १९७४ च्या मूळ पुस्तकांत तो मंत्र म्हणून नव्हता. तीन इच्छा पुरवणारी एक अंगठी मात्र होती. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत मंत्रांच्या पातळ्या नवापर्यंत वाढविण्यात आल्या आणि ‘विश’ला नवव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर स्थान मिळाले. त्याचे धाकटे रूप, ‘लिमिटेड विश’, सातव्या पातळीवर आले. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तीन इच्छा पुरवण्याची शक्ती इफ्रीत या अग्निरूप जिनाला आणि जिनांमधील सरदारांनाही मिळाली.

इच्छामंत्राचे वैशिष्ट्य त्याच्या बळात आहे असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ते त्याच्या वाक्यरचनेत आहे. इतर सर्व मंत्र बंदिस्त वाक्ये आहेत. हे एकच वाक्य उघडे आहे. ‘अमुक व्हावे’ यातील अमुकची जागा रिकामी ठेवलेली आहे, आणि ती खेळणाऱ्याने आपल्या शब्दांनी भरायची आहे. त्यामुळे या मंत्राचा समतोल साधण्याचा प्रश्न हा बेरीज-वजाबाकीचा प्रश्न राहत नाही. तो अर्थनिर्णयाचा प्रश्न होतो. बोललेल्या वाक्याचा अर्थ कोणी लावायचा आणि कोणत्या न्यायाने लावायचा, हे ठरवल्याखेरीज तो सुटत नाही. नियमकारांनी आजवर यावर मुख्यतः तीन उपाय योजले: वाक्याला वाकडा अर्थ लावणे, इच्छेला किंमत लावणे आणि इच्छांची यादी करणे.

४

पहिला उपाय सर्वांत जुना आहे. १९७४ च्या पुस्तकातच अंगठीसंबंधी सूचना आढळते. खेळाचा समतोल राखण्यासाठी इच्छांचे बळ मर्यादित असले पाहिजे आणि यासाठी सूत्रधाराने अत्यंत विवेकाने वागले पाहिजे, असे तेथे बजावले आहे. आणखी इच्छा मिळाव्यात अशी इच्छा करणाऱ्या लोभी पात्राला अंगठी सापडल्या क्षणाकडे परत नेऊन काळाच्या न संपणाऱ्या फेऱ्यात अडकवावे. जीव कोंडून ठेवणारा आरसा मागणाऱ्याला तशाच एका आरशात कोंडावे, असे दाखलेही दिले आहेत. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’ने ही दृष्टी मंत्रालाही लागू केली. उच्चारलेल्या शब्दांची अक्षरशः अंमलबजावणी होण्याचा संभव तेथे सांगितला आहे. शत्रूच्या मृत्यूची इच्छा करणाऱ्याला तो शत्रू कालवश झालेला असेल अशा भविष्यकाळात नेऊन सोडावे, म्हणजे पात्रच कथेतून बाहेर पडेल, अशी युक्तीही सुचविली आहे.

या दृष्टीची वाङ्मयीन वंशावळ स्पष्ट आहे. शार्ल पेरो याने १६९३ साली पद्यात सांगितलेल्या मूर्ख इच्छांच्या कथेत एका लाकूडतोड्याला ज्युपिटर तीन इच्छा देतो. पहिली इच्छा मांसाच्या एका वळकटीवर खर्च होते, दुसरीने ती वळकटी बायकोच्या नाकाला चिकटते आणि तिसरी ती नाकावरून काढण्यात संपते. युरोपीय लोककथांच्या वर्गीकरणात तीन इच्छांच्या कथांना स्वतंत्र क्रमांक मिळावा इतक्या त्या विपुल आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दिव्यातला जिन आणि तीन इच्छा यांची सांगड आज स्वाभाविक वाटते. परंतु आंत्वान गालाँच्या फ्रेंच ‘अरेबियन नाइट्स’मधून युरोपात पसरलेल्या अल्लाउद्दिनाच्या कथेत जिनाच्या सेवेला तीनची मर्यादा नाही. तीनाची मर्यादा आणि दिव्याचा जिन या दोन परंपरांचे मीलन पुढचे आहे, आणि खेळातला इफ्रीत हे त्या मीलनाचेच अपत्य आहे.

वाकड्या अर्थाचा सर्वांत प्रभावी आदर्श मात्र डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) या कथेने घालून दिला. त्या कथेचा धागा भारतापर्यंत पोचतो. माकडाचा तो वाळलेला पंजा भारतात नोकरी करून परतलेला एक सैनिक इंग्लंडला घेऊन येतो. पंजावर मंत्र घालणारा एक वृद्ध फकीर आहे, आणि माणसांच्या आयुष्यावर नियतीचीच सत्ता चालते, तिच्यात ढवळाढवळ करणारा दुःखच ओढवून घेतो, हे दाखवण्यासाठी त्याने तो मंत्र घातला आहे. वृद्ध पिता दोनशे पौंड मागतो. ते मिळतात, पण कारखान्यातील यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. आईच्या हट्टाने दुसरी इच्छा मुलाला परत आणण्यासाठी केली जाते. तिसरीचे शब्द जेकब्ज वाचकाला सांगतच नाही. खेळाच्या टेबलावर आजही वाकडा अर्थ लावणाऱ्या सूत्रधारासंबंधी बोलताना याच पंजाचे नाव घेतले जाते.

५

कथेत जे परिणामकारक ठरते ते टेबलावर का फसते, याचे कारण श्रोत्याच्या स्थानात आहे. हिरण्यकशिपूची कथा या संदर्भात उद्बोधक ठरेल. भागवताच्या सप्तम स्कंधात तो ब्रह्मदेवाकडे मृत्यूच्या सर्व संभाव्य वाटा एकेक करून बुजवून घेतो: माणूस नको, पशू नको, आत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, शस्त्राने नको. त्याचा वर एखाद्या निष्णात वकिलाने लिहिलेल्या दस्तऐवजासारखा आहे. तरीही संध्याकाळची वेळ, दाराचा उंबरठा आणि नखे ही फट उरतेच. वराचे एकही अक्षर न मोडता नृसिंह त्याचा वध करतो. रावणाच्या वरातही तशीच फट आहे. देव-दानवांपासून अभय मागताना माणसाची त्याने पर्वा केली नाही.

या कथा ऐकताना श्रोत्याला आनंद होतो, कारण वर मागणारा आणि कथा ऐकणारा हे भिन्न आहेत. श्रोता प्रह्लादाच्या बाजूचा असतो. खेळात ही दोन्ही स्थाने एकाच व्यक्तीत एकवटलेली असतात. जो इच्छा उच्चारतो तोच कथेचा श्रोता आणि सहकर्ता असतो. त्याचे वाक्य त्याच्यावर उलटवले की शिक्षा पात्राला होते, पण अवमान माणसाचा होतो. ज्याच्या शब्दावर सगळे जग उभे आहे त्या सूत्रधाराने आपले शब्द मुद्दाम चुकीचे ऐकले, ही जाणीव टेबलावरचा विश्वास पोखरते.

त्याचा दुसरा परिणाम भाषेवर होतो. वाकडे ऐकणाऱ्या सूत्रधारापुढे खेळणारे हिरण्यकशिपूसारखे बोलू लागतात. इच्छा एका वाक्याची न राहता अटी, अपवाद आणि पोटकलमे यांनी भरलेला कागद होतो. सूत्रधार फट शोधतो, खेळणारा ती बुजवतो. कथेच्या जागी करारनाम्याचा वाद उभा राहतो. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात कुंभकर्ण वर मागू लागतो तेव्हा देवांच्या काळजीपोटी ब्रह्मदेव सरस्वतीला त्याच्या जिभेवर बसवतो, आणि तो दीर्घ निद्रा मागून बसतो. वाकडा अर्थ लावणारा सूत्रधार याहून फारसे वेगळे करीत नाही. खेळणाऱ्याच्या तोंडी आपलेच शब्द घालून तो त्याचा वर हिरावून घेतो.

६

दुसरा उपाय किमतीचा. यात वाक्याचा अर्थ सरळ घेतला जातो, पण ते उच्चारणाऱ्याला काही गमवावे लागते. १९७८ च्या नियमांत जखमा भरणे, मृताला उठवणे किंवा संकटातून निसटणे अशा इच्छांची मोकळीक होती; इतर इच्छांनी मात्र मांत्रिकाचे बळ घटे आणि त्याला दोन ते आठ दिवस अंथरुणावर पडून राहावे लागे. १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये या मंत्राच्या एका उच्चाराने मांत्रिकाचे वय तीन वर्षांनी वाढते असे ठरले, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही तीन वर्षे पाच झाली. इच्छेने अंगचे गुण वाढवण्यालाही १९७९ मध्ये बांध घातला गेला: गुणांक सोळापर्यंत पोचल्यावर एका इच्छेने तो केवळ एक दशांशाने वाढे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने वयाऐवजी अनुभवाचे चलन घेतले. एका इच्छेला पाच हजार अनुभवगुण मोजावे लागत.

किमतीचा उपाय न्याय्य वाटतो, कारण त्यात फसवणूक नाही. तथापि त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वयाची पाच वर्षे माणसाच्या आयुष्यात मोठी असतात. शतके जगणाऱ्या एल्फ जातीच्या पात्राला ती जाणवतही नाहीत. अनुभवगुण मोजणारा मांत्रिक आपल्या सोबत्यांच्या मागे पडतो, फायदा मात्र सर्वांना मिळतो. याहून मोठी अडचण अशी, की किंमत दुसऱ्याच्या माथी मारता येते. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात इफ्रीताला मंत्राने बोलावून बांधून ठेवायचे आणि त्याच्याकडून इच्छा पुरवून घ्यायच्या, ही वाट खेळणाऱ्यांनी शोधून काढली. अनुभवगुण मांत्रिकाचे जात नाहीत. इच्छा मात्र त्याची पुरते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आपली प्रतिकृती निर्माण करून तिच्याकडून इच्छामंत्र उच्चारवून घेण्याची पळवाट अशीच प्रसिद्धी पावली. किंमत ठरली की ती चुकवण्याची विद्याही जन्माला येते, हा बाजाराचा अनुभव या कल्पित जगातही खरा ठरला.

७

तिसरा उपाय यादीचा. तिसऱ्या आवृत्तीने इच्छेच्या निर्धोक फळांची यादीच दिली: आठव्या किंवा त्याखालच्या पातळीच्या मांत्रिकी मंत्राची नक्कल, जखमींना बरे करणे, मृताला उठवणे, नुकत्याच घडलेल्या प्रसंगाचा फासा पुन्हा टाकायला लावणे, ठरावीक मोलाची वस्तू निर्माण करणे इत्यादी. यादीबाहेरची इच्छाही करता येई, परंतु तेथे धोका होता आणि अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य सूत्रधाराकडे जाई. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने याहून पुढचे पाऊल टाकले. सर्व वर्गांच्या पात्रांची शक्ती एका मापात बसवण्याचा तिचा आग्रह होता, आणि त्या मापात न बसणारा इच्छामंत्र तिच्या मूळ ‘प्लेयर्स हँडबुक’मधून गाळला गेला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र परतला तेव्हा त्यात तिन्ही उपायांचा संगम झालेला दिसतो. आठव्या पातळीपर्यंतच्या कोणत्याही मंत्राची नक्कल बिनधोक करता येते. त्यापलीकडे एक छोटी यादी आहे. पंचवीस हजार सुवर्णमुद्रांपर्यंतची साधी वस्तू, वीसपर्यंत जिवांच्या जखमा भरणे इत्यादी. यादीबाहेरच्या इच्छेबाबत, इच्छा जितकी मोठी तितका बिघाडाचा संभव मोठा, अशी ताकीद आहे. केवळ नक्कल सोडून इतर कोणत्याही फळासाठी मंत्र वापरला तर शरीरावर ताण येतो: पुढचे मंत्र उच्चारताना इजा होते, बळ काही दिवस तीन अंकांवर घसरते आणि तेहतीस टक्के संभव असा असतो, की तो मांत्रिक हा मंत्र पुन्हा कधीच उच्चारू शकणार नाही.

ही रचना नियम म्हणून कसबी आहे, यात शंका नाही. तिचा परिणाम मात्र विचार करण्याजोगा आहे. शहाणा खेळणारा तेहतीस टक्क्यांचा धोका पत्करत नाही. तो इच्छामंत्र दुसऱ्या एखाद्या मंत्राची नक्कल करण्यापुरताच वापरतो. परिणामी उघडे वाक्य पुन्हा बंदिस्त होते. नवव्या पातळीवर ठेवलेला हा एकमेव मुक्त उच्चार कपाटातल्या इतर मंत्रांची जादा प्रत ठरतो. समतोल साधतो, पण ज्यासाठी तो साधायचा होता ती वस्तूच हातची जाते.

८

तिन्ही उपायांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे: इच्छा हा हल्ला आहे आणि सूत्रधाराने त्यापासून जगाचा बचाव करायचा आहे. हे गृहीतक सोडले तर चौथी वाट दिसते, आणि ती भारतीय अर्थविचाराला अपरिचित नाही. वाक्याचा अर्थ केवळ अभिधेने, म्हणजे शब्दाच्या कोशगत शक्तीने ठरत नाही; त्यामागे वक्त्याचे तात्पर्य असते, असे आपले शास्त्रकार मानत आले. जेवायला बसलेल्याने ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणायचे असते, घोडा नव्हे. दोन्ही अर्थ शब्दात असले तरी प्रसंग त्यांतला एक निवडतो. वाकडा अर्थ लावणारा सूत्रधार जेवणाऱ्याच्या पानाशेजारी घोडा आणून उभा करतो, आणि शब्द पाळल्याचे समाधान मानतो.

महाभारताच्या वनपर्वातील सावित्रीचे आख्यान या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. यम तिला वर देताना प्रत्येक वेळी सत्यवानाच्या प्राणांचा अपवाद घालतो. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचे राज्य, पित्याला शंभर पुत्र, स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र, असे चार वर ती मागते. पाचव्या वेळी यम तो अपवाद उच्चारत नाही. सावित्री ही गोष्ट हेरते, स्पष्ट बोलून दाखवते आणि पतीचे प्राण मागते. नाहीतर चौथा वर खोटा ठरेल, हेही सांगते. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. मर्यादा आधी आणि उघडपणे सांगितली आहे. यम वर देऊन झाल्यावर फट शोधत बसत नाही. आणि सावित्रीचे शब्द नेमके असले तरी तिचे तात्पर्य पहिल्या वरापासून यमाला ठाऊक आहे. तो फसत नाही, प्रसन्न होतो. तिच्या मागणीने यमाचे सामर्थ्य घटत नाही आणि कथाही संपत नाही. उलट ती तेथेच कळसास पोचते.

टेबलावर याचा अर्थ काय, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका नगराला शत्रूने वेढा दिला आहे आणि मांत्रिकाचे पात्र म्हणते, ‘हा वेढा उठावा.’ पहिल्या उपायाने वागणारा सूत्रधार नगरात मरी पसरवील; वेढण्यासारखे कोणी उरले नाही म्हणून शत्रू निघून जाईल. दुसऱ्या उपायाने वेढा उठेल आणि मांत्रिक अंथरूण धरील. तिसऱ्या उपायाने ही इच्छा यादीत नाही म्हणून खेळणारा ती करणारच नाही. तात्पर्य पाहणारा सूत्रधार आधी एवढेच विचारील: तुम्हाला नेमके काय वाचवायचे आहे? उत्तर ‘नगरातील माणसे’ असे आले, तर वेढा खरोखर उठेल. शत्रूच्या राजधानीत बंडाळी माजल्याची वार्ता येईल आणि सैन्य रातोरात मागे फिरेल. परंतु त्या दूरच्या बंडाळीत कोण मारले जात आहेत, आणि ती शमल्यावर ते सैन्य कोणत्या सूडाने परत येईल, हे प्रश्न उभे राहतील. इच्छा पूर्णपणे फळली. तिची किंमतही आहे, पण ती शरीरातून वा अनुभवगुणांतून वसूल न होता कथेतून उगवली. त्या किमतीला तोंड देण्याचे काम एकट्या मांत्रिकाचे नाही. योद्धा, चोर, पुरोहित या सर्वांना त्यात वाटा मिळतो. समतोल म्हणजे प्रत्येकाचा वाटा, ही व्याख्या येथे सार्थ होते.

हीच दृष्टी १९७४ च्या त्या छोट्या सूचनेतही बीजरूपाने आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. आणखी इच्छा मागणाऱ्या लोभी पात्राला फेऱ्यात अडकवा असे सांगणारा तोच परिच्छेद हेही सांगतो, की एखादे दुर्दैवी साहस घडलेच नसते तर बरे होते अशी इच्छा कोणी केली, तर ती पुरवावी. म्हणजे आरंभीच्या नियमकारांनाही लोभाचे वाक्य आणि दुःखाचे वाक्य यांतला भेद कळत होता. शब्द पाहून हा भेद करता येत नाही. बोलणाऱ्याकडे पाहावे लागते. पुढच्या आवृत्त्यांनी शिक्षा ठेवली, किंमत वाढवली, यादी लांबवली. विवेकाची अपेक्षा मात्र हळूहळू अंकांवर सोपवली. अंकांचा फायदा असा, की अनोळखी माणसांच्या टेबलावरही ते सारखेच लागू पडतात. त्यांचा तोटा असा, की त्यांना ऐकता येत नाही.

तात्पर्याच्या वाटेलाही धोके आहेत, हे मान्य केले पाहिजे. सूत्रधार आळशी असेल तर प्रत्येक इच्छा निमूटपणे पुरवली जाईल. पक्षपाती असेल तर मित्राचे तात्पर्य त्याला समजेल आणि इतरांचे समजणार नाही. यास्तव काही मर्यादा यमाप्रमाणे आधीच उघड सांगणे अगत्याचे ठरते. मृत्यू मागे फिरवता येईल काय, दुसऱ्या खेळणाऱ्याच्या पात्राच्या मनावर इच्छा चालेल काय, कथेचा मुख्य पेच एका वाक्याने सुटेल काय, हे टेबलावर सर्वांसमक्ष ठरलेले असावे. मर्यादा आधी सांगितली तर ती नियम असते. वाक्य उच्चारून झाल्यावर सांगितली तर तीच फसवणूक ठरते.

९

ज्ञानदेवांच्या पसायदानात ज्याला जे हवे ते त्याला मिळो, अशी मागणी आहे. जगातील कोणत्याही इच्छामंत्राने याहून व्यापक मागणी केलेली नसेल. ती मागणी प्रारंभी येत नाही, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. तिच्या आधी दुष्टांच्या मनातील वाकडेपणा नाहीसा व्हावा, त्यांना सत्कर्माची आवड लागावी, जीवमात्रांत मैत्री जडावी, हे मागितलेले आहे. मागणाऱ्याची वृत्ती आधी आणि मागणे नंतर, असा हा क्रम आहे. या क्रमामुळे सर्वांच्या सर्व इच्छा पुरवण्याची ती मागणी भयावह वाटत नाही.

विस्कॉन्सिनमधील एका गावातून निघालेल्या खेळाचा आणि नेवाशाच्या त्या ग्रंथाचा ऐतिहासिक संबंध नाही. तरीही दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: उघड्या वाक्याला जगात जागा द्यायची असेल, तर ती कोणत्या बळावर द्यायची? पन्नास वर्षांच्या नियमांनी शिक्षा, किंमत आणि यादी ही तीन उत्तरे दिली, आणि प्रत्येकाने काही वाचवताना काही गमावले. टेबलाभोवती बसलेल्यांनी एकमेकांचे बोलणे सरळ ऐकायचे ठरवले, तर या तिहींची गरज उरते, पण दुय्यम स्थानी. इच्छामंत्राचा समतोल अंती कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे लिहिता येत नाही, याचे कारण हेच आहे. तो मागणाऱ्याच्या शब्दात आणि ऐकणाऱ्याच्या कानात अर्धाअर्धा वाटलेला असतो.